'पिक अप' वापरायचं कसं: नव्याने इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात 'पिकअप' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. मोंढ्यात सोयाबीनचे कट्टे घेऊन येते ती पिकअप, लग्नाचं सामान वाहून नेते ती पिकअप, आणि चढावर मोटारसायकल दमली की 'गाडीला पिकअप नाही' असं आपण मिस्त्रीला सांगतो. शब्द इतका अंगवळणी पडलाय की तो आपल्याला येतोच, असं वाटतं. पण इंग्रजी वाक्यात तो क्रियापद म्हणून वापरायची वेळ आली की चांगली शिकलेली मुलंही अडखळतात. कुणी 'अप' गाळतं, कुणी तो भलत्याच जागी ठेवतं, कुणी मराठीत 'उचलणे' म्हणतो तिथं सगळीकडे 'पिक अप' लावून मोकळं होतं.

हा लेख अशांसाठी आहे. लातूर-नांदेडला शिकून पुण्याला नोकरीला निघालेली मुलं, संभाजीनगरात परदेशी पाहुण्यांची गाडी चालवणारे भाऊ, नांदेडला तख्त श्री हजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा-इंग्लंडहून येणाऱ्या कुटुंबांची राहण्याची सोय बघणारे, आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आया. क्लासमध्ये शंभर-दोनशे फ्रेझल व्हर्ब्जची यादी पाठ करायला देतात. माझं स्पष्ट मत आहे की त्या यादीने बोलता येत नाही. एकच घ्या, तो आतून-बाहेरून ओळखीचा करा. 'पिक अप' एकदा नीट बसला की त्याचेच नियम 'स्विच ऑफ', 'फिल इन', 'पुट ऑन' यांनाही लागू पडतात आणि पुढचं काम हलकं होतं.

आधी 'पिक' आणि 'पिक अप' वेगळे करा

फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याच्या मागे लागलेला 'अप', 'ऑफ', 'आउट' असा एखादा छोटा शब्द. तो छोटा शब्द शोभेचा नसतो. मराठीत 'देऊन टाक', 'देऊन ठेव' आणि 'देऊन बघ' या तिन्हीत देणं एकच आहे, पण मागच्या क्रियापदाने अर्थ पार बदलतो. इंग्रजीत ते काम 'अप', 'ऑफ' यांच्याकडे असतं. 'टाक' आणि 'बघ' यांची अदलाबदल आपण कधी करत नाही, तसा 'अप'ही गाळायचा नाही.

आपल्या भागात हा फरक समजून घ्यायला कापसाच्या रानाइतकी चांगली जागा नाही. दसऱ्याच्या आसपास पहिली वेचणी सुरू होते. बाई ओळीतून पुढे सरकते, फुटलेल्या बोंडातून कापूस बोटांनी ओढून घेते आणि कमरेच्या ओटीत टाकते. झाडावरून तोडून किंवा काढून घेणं, हे 'पिक'. 'शी इज पिकिंग कॉटन.' इथे 'अप' नको. आंबे उतरवणं, फुलं तोडणं, मिरच्या तोडणं, सगळं 'पिक'. आता वेचताना मूठभर कापूस मातीत पडला आणि तिने वाकून तो उचलला, तर ते 'पिक अप'. 'शी पिक्ट अप द कॉटन फ्रॉम द ग्राउंड.' रान तेच, बाई तीच, कापूसही तोच. पण पहिल्या वाक्यात हात झाडाकडे गेला आणि दुसऱ्यात जमिनीकडे.

'पिक'चा दुसरा अर्थ निवडणं. चार शर्ट समोर ठेवून दुकानदार म्हणतो, 'पिक वन.' कबड्डीचा कर्णधार संघ निवडतो तेव्हा 'ही पिक्ट मी' म्हणजे त्याने मला संघात घेतलं. 'ही पिक्ट मी अप' म्हणजे तो मला गाडीतून घेऊन गेला, किंवा पडलो होतो तर उचलून उभं केलं.

त्यामुळे 'द मॅनेजर विल पिक यू ॲट नाईन' असा मेसेज तुम्ही पाहुण्याला पाठवलात, तर त्याचा सरळ अर्थ होतो की मॅनेजर नऊ वाजता तुमची निवड करतील. ऐकणारा संदर्भाने समजून घेईल, तो भाग वेगळा. पण मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला हे वाक्य गेलं तर घोटाळा होऊ शकतो. 'विल पिक यू अप' असंच लिहा.

मग 'अप'ची जागा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, सावकाश वाचा.

उचलायची वस्तू नावाने सांगत असाल तर 'अप' दोन ठिकाणी चालतो. 'पिक अप द बॅग' बरोबर, 'पिक द बॅग अप' हेही बरोबर. अर्थात काही फरक नाही. पण वस्तूच्या किंवा माणसाच्या नावाऐवजी सर्वनाम आलं, म्हणजे 'इट', 'हिम', 'हर', 'देम', 'अस', 'यू', आणि 'मला' या अर्थाचा इंग्रजीतला 'मी', तर ते मध्येच बसलं पाहिजे. 'पिक इट अप.' 'पिक अस अप.' 'पिक हर अप.' 'पिक अप इट' हे इंग्रजी कानाला चुकीचंच वाटतं. 'पिक अप मी' तर फार ऐकू येतं आणि तेही चूक.

नियम पाठ करण्यापेक्षा जोडी तोंडात बसवा. एकदा नावाने म्हणा, लगेच सर्वनामाने म्हणा:

'पिक अप द फोन. पिक इट अप.'
'पिक अप द चिल्ड्रन. पिक देम अप.'
'पिक अप युअर सिस्टर. पिक हर अप.'

दिवसभरात हाताला जे लागेल त्यावर हे करा. चप्पल, पाण्याची बाटली, रिमोट, वही. दर वेळी दोन वाक्यं. काही दिवसांत जीभ आपोआप 'इट'ला मध्ये ढकलते, विचार करावा लागत नाही.

वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर मात्र 'अप' शेवटी ठेवू नका. 'प्लीज पिक अप द बॅग लाइंग नियर द डोअर' हे सरळ आहे. तेच 'प्लीज पिक द बॅग लाइंग नियर द डोअर अप' म्हटलं की 'अप' येईपर्यंत ऐकणारा 'पिक' विसरतो. लहान नाव असेल तर कुठेही, सर्वनाम असेल तर मध्येच, लांब वर्णन असेल तर 'अप' आधी.

एवढी पायरी जमली की लगेच दुसऱ्या क्रियापदांवर करून बघा. पंखा बंद कर: 'स्विच ऑफ द फॅन', 'स्विच इट ऑफ'. फॉर्म भर: 'फिल इन द फॉर्म', 'फिल इट इन'. स्वेटर घाल: 'पुट ऑन युअर स्वेटर', 'पुट इट ऑन'. नियम तोच आहे. सगळ्या फ्रेझल व्हर्ब्जना मात्र तो लागू नाही. 'लुक आफ्टर'मध्ये शब्द फोडता येत नाहीत, तिथे 'लुक आफ्टर हर' असंच म्हणतात.

काळ आणि उच्चार

भूतकाळ 'पिक'ला होतो, 'अप'ला नाही. 'पिक्ट अप.' काही मुलं 'पिकअप्ड' म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात तो एकच शब्द असतो. 'पिकअपिंग'चंही तसंच. बरोबर रूप 'पिकिंग अप'. आणि 'डिड' आलं की भूतकाळ त्यानेच घेतलेला असतो, म्हणून 'डिड यू पिक अप द पार्सल?' असं विचारायचं, 'डिड यू पिक्ट अप' असं नाही.

लिहिताना शेवटी ईडी ही अक्षरं येतात, त्यामुळे पुष्कळ जण 'पिकेड' वाचतात. 'के'च्या आवाजामागे तो शेवट 'ट' असा ऐकू येतो: पिक्ट. शिवाय बोलताना शब्द तुटत नाहीत. 'पिक्ट अप' कानावर 'पिक्टप' असं येतं आणि 'पिक इट अप' हे 'पिकिटप' असं. इंग्रजी बातम्या किंवा मालिका ऐकताना हा शब्द तुम्हाला सापडत नसेल, तर कारण हेच. तुम्ही तीन शब्द शोधता आणि कानावर एकच येतो.

जोर कुठे द्यायचा? 'पिक इट अप'मध्ये 'अप'वर. 'पिक अप द बॅग'मध्ये 'बॅग'वर. पण गाडी या अर्थाचं नाम 'पिकअप' म्हणताना जोर 'पिक'वर पडतो. आपण मराठीत सगळीकडे सारखाच जोर देतो, म्हणून हे थोडं मुद्दाम करावं लागतं.

माणसाला घ्यायला जाणं

मराठीत आपण म्हणतो, 'मी तुला घ्यायला येतो' आणि 'मी तुला सोडून येतो.' याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की गडबड होते. 'आय विल कम टू टेक यू' हे चुकीचं नसलं तरी अवघडलेलं आहे. आणि 'आय विल लीव्ह यू' म्हणजे तर 'मी तुला सोडून जाईन', कायमचं. पाहुण्याला हॉटेलवर सोडायचं असेल तर हे वाक्य अजिबात वापरू नका. घ्यायला जाणं म्हणजे 'पिक अप' आणि सोडणं म्हणजे 'ड्रॉप ऑफ'. आपल्याकडे 'पिक अँड ड्रॉप' असं सर्रास बोलतात आणि भारतात ते कळतंही. बाहेरच्या माणसाशी बोलताना 'आय विल पिक यू अप ॲट एट अँड ड्रॉप यू ऑफ ॲट द स्टेशन' असं पूर्ण म्हणा.

वाक्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत: कोण, कुणाला, कुठून, किती वाजता. 'माय ब्रदर विल पिक यू अप फ्रॉम द एअरपोर्ट ॲट टेन.' जागेआधी 'फ्रॉम' चालतं, 'ॲट'ही चालतं. वेळेआधी मात्र 'ॲट'च.

संभाजीनगरच्या गाडीवाल्या भावांसाठी अजिंठ्याचं उदाहरण घेतो, कारण तिथे घ्यायची जागा आणि उतरवायची जागा यांचा नेहमी गोंधळ होतो. शहरापासून लेणी साधारण 100 किलोमीटर. खासगी गाडी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला थांबावं लागतं आणि तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचं असतं. पाहुण्याला हे आधी माहीत नसतं, तो लेण्यांच्या दारातच गाडीची वाट बघत उभा राहतो. म्हणून सकाळी उतरवतानाच सांगून ठेवायचं:

'मॅडम, आय विल ड्रॉप यू ऑफ हिअर. प्लीज टेक द बस टू द केव्ह्ज. व्हेन यू आर डन, टेक द बस बॅक. आय विल पिक यू अप राइट हिअर, इन द पार्किंग लॉट.'

पाहुणे विचारतील, 'कॅन यू पिक अस अप ॲट द केव्ह्ज?' उत्तर: 'सॉरी, प्रायव्हेट कार्स आर नॉट अलाउड देअर. आय कॅन ओन्ली पिक यू अप हिअर.' या दोन वाक्यांत 'अस' आणि 'यू' कुठे बसलेत ते बघा. दोन्ही वेळा मध्येच.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: 'कॅन यू पिक अस अप ऑन मंडे फॉर अजंता?' अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. तेव्हा म्हणायचं, 'अजंता इज क्लोज्ड ऑन मंडेज. आय कॅन टेक यू टू एलोरा ऑन मंडे, अँड पिक यू अप फॉर अजंता ऑन ट्यूजडे.' इथे 'टेक यू टू' आणि 'पिक यू अप' शेजारी आलेत. 'टेक यू टू' म्हणजे एखाद्या ठिकाणी घेऊन जाणं, 'पिक यू अप' म्हणजे तुम्ही जिथे आहात तिथून गाडीत घेणं. मराठीत दोन्हीला 'घेऊन' येतं, म्हणून ही गल्लत होते.

वाळूज किंवा शेंद्र्याच्या एखाद्या कंपनीत नव्याने लागलात तर बसचा मेसेज वेगळ्या थाटात येतो: 'यू विल बी पिक्ट अप ॲट सिक्स फिफ्टीन.' यात कोण घेणार ते सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला घेतलं जाईल एवढंच. घाबरू नका, बस येणार आहे.

दोन ठिकाणी जपून. एखाद्या अनोळखी मुलीबद्दल 'आय पिक्ट हर अप' एवढंच म्हटलं, तर इंग्रजीत त्याचा अर्थ तिच्याशी ओळख काढून सूत जमवलं असाही होतो. बहिणीला, मैत्रिणीला, सहकारी बाईंना आणायला गेला असाल तर ठिकाण जोडा: 'आय पिक्ट हर अप फ्रॉम द बस स्टँड.' ठिकाण आलं की शंका उरत नाही. आणि 'द पोलिस पिक्ट हिम अप' म्हणजे आपण म्हणतो तेच, पोलिसांनी उचललं.

फोन उचलणे

फोन उचलंना म्हणजे 'ही इज नॉट पिकिंग अप.' एवढंच पुरे. पुढे 'फोन' म्हणायचीही गरज नाही, कारण कॉलची गोष्ट चाललीय हे दोघांना माहीत असतं. म्हणायचंच असेल तर 'पिकिंग अप द फोन'.

आपल्याकडे तीन चुकीची किंवा अर्धवट रूपं चालतात. पहिलं, 'ही इज नॉट पिकिंग माय फोन.' 'अप' नसल्यामुळे आणि 'माय फोन' म्हटल्यामुळे अर्थ होतो की तो माझा फोन निवडत नाहीये, दुकानात ठेवलेल्या चारपैकी. दुसरं, 'ही इज नॉट लिफ्टिंग द फोन.' हे 'उचलणे'चं शब्दशः भाषांतर आहे. देगलूर-धर्माबादकडून हैदराबादला कामाला गेलेल्यांच्या तोंडी हे फार ऐकू येतं. भारतात समजतात, पण बाहेरच्या माणसाला 'लिफ्ट' म्हटलं की जड वस्तू उचलणं आठवतं. तिसरं, 'पिक माय कॉल.' कॉलसाठी 'आन्सर' हा शब्द सगळीकडे चालतो: 'प्लीज आन्सर माय कॉल.'

फोन ठेवणं म्हणजे 'हँग अप'. 'कट द कॉल' आपलं घरगुती इंग्रजी आहे. 'शी हंग अप' म्हणजे तिने फोन ठेवला.

वडीलधाऱ्या माणसाशी किंवा साहेबांशी बोलताना 'यू डिडन्ट पिक अप' असं थेट म्हटलं की जाब विचारल्यासारखं लागतं. त्याऐवजी 'सर, आय ट्राइड कॉलिंग यू' म्हणा. बोलणं तेच, पण मान राखला जातो.

बाकीचे अर्थ

एक अर्थ मुलाखतीत फार कामाला येतो: सहज, ऐकून-बघून शिकणं. उदगीरला राहून कानडी यायला लागली, वर्ग लावला नाही, पुस्तक घेतलं नाही, तर 'आय पिक्ट अप कन्नडा इन उदगीर.' काकाच्या कृषी सेवा केंद्रात बसून हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलात तर 'आय पिक्ट अप टॅली ॲट माय अंकल्स शॉप.' हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी अशाच वाटेने बरंच काही शिकलेलं असतं आणि प्रमाणपत्र नाही म्हणून ते सांगायचंच टाळतात. सांगा. फक्त पदवीसाठी किंवा रीतसर कोर्ससाठी 'पिक अप' वापरू नका, तिथे 'स्टडीड' किंवा 'लर्न्ट'.

दुसरा अर्थ, जोर धरणं, सुधारणं. 'द रेन पिक्ट अप इन द ईव्हनिंग', संध्याकाळी पावसाने जोर धरला. 'बिझनेस पिक्स अप बिफोर दिवाळी.' 'सोयाबीन प्रायसेस आर पिकिंग अप', म्हणजे भाव वर यायला लागलेत. या अर्थात पुढे कर्म येत नाही. दिवाळीने धंदा वाढवला असं म्हणायला 'दिवाळी पिक्ट अप द बिझनेस' हे वाक्य चालणार नाही. धंदा स्वतः 'पिक अप' होतो, त्याला दुसरं कुणी करत नाही. वेग घेण्यासाठी मात्र 'स्पीड' शब्द जोडतात: 'द ट्रेन पिक्ट अप स्पीड आफ्टर परभणी.'

येताना घेऊन येणं हाही एक अर्थ. 'कॅन यू पिक अप सम मिल्क ऑन द वे होम?' यात विकत घेणं आलंच, वेगळं 'बाय' म्हणायला नको. सर्दी लागली: 'आय पिक्ट अप अ कोल्ड.' थांबलेलं काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करायचं: 'लेट्स पिक अप व्हेअर वुई लेफ्ट ऑफ.' 'आय विल पिक अप द बिल' म्हणजे सगळ्यांचे पैसे मी देतो. हॉटेलात काउंटरवरून नुसता बिलाचा कागद आणायचा असेल तर हे बोलू नका, 'आय विल गेट द बिल' पण नको, त्याचाही तोच अर्थ घेतात. 'आय विल आस्क फॉर द बिल' म्हणा.

आणि आता मराठीतलं 'उचलणं', जिथे 'पिक अप' चालत नाही. बीड-धाराशिवकडची ऊसतोड मंडळी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. ही उचल म्हणजे 'ॲडव्हान्स': 'दे टुक ॲन ॲडव्हान्स फ्रॉम द लेबर कॉन्ट्रॅक्टर.' 'दे पिक्ट अप मनी' म्हटलं तर रस्त्यावर पडलेले पैसे उचलले असं चित्र उभं राहतं, आणि आगाऊ घेऊन अंगावर आलेल्या पैशाचं ओझं त्या वाक्यातून पार निघून जातं. बँकेचं कर्ज उचललं म्हणजे 'टुक अ लोन'. मागणी उचलून धरली म्हणजे 'सपोर्टेड द डिमांड'. जबाबदारी उचलली म्हणजे 'टुक द रिस्पॉन्सिबिलिटी'. स्वस्त धान्य दुकानातून रेशन उचललं, याला मात्र 'पिक्ट अप अवर रेशन' चालतं, कारण तिथे आपण खरोखर जाऊन माल घेऊन येतो.

लिहिताना

क्रियापद असेल तर दोन शब्द, मध्ये जागा सोडून. नाम असेल, म्हणजे गाडी किंवा घेण्याची सोय, तर एक शब्द. ब्रिटिश पद्धतीत 'पिक-अप पॉइंट' असं मध्ये आडवी रेघ देऊनही लिहितात. ओळखायची सोपी युक्ती: वाक्य भूतकाळात नेऊन बघा. 'पिक्ट अप' होत असेल तर ते क्रियापद आहे, तोडून लिहा. 'द पिकअप इज लेट' याचा भूतकाळ 'द पिकअप वॉज लेट', शब्द तसाच राहिला, म्हणून जोडून.

स्पेलिंगबद्दल एक सूचना मुलांना जरूर द्या. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या महिंद्राच्या बोलेरो पिकअपवर हे नाव 'सी' न घालता पी-आय-के असं लिहिलेलं असतं. ते कंपनीने गाडीला दिलेलं नाव आहे. मुलं रोज तेच वाचतात आणि पेपरात तसंच लिहून येतात. शब्दाचं स्पेलिंग पी-आय-सी-के, मग यू-पी.

आणि मिस्त्रीकडचं 'पिकअप नाही'? इंग्रजीत बोलायची वेळ आली तर 'द ॲक्सेलरेशन इज पुअर' म्हणा, ते कुठल्याही देशातल्या माणसाला कळतं.

आता करून बघा

खालची मराठी वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मोठ्याने, मगच पुढचं वाचा.

मामांना स्टँडवरून घेऊन ये. 'पिक अंकल अप फ्रॉम द बस स्टँड.' 'पिक अप अंकल'ही चालेल, नावच आहे. पण मामांचा विषय आधीच निघालेला असेल तर 'पिक हिम अप'.

तिने आज दिवसभर कापूस वेचला. 'शी पिक्ट कॉटन ऑल डे.' इथे 'अप' घातला असेल तर वरचा कापसाचा भाग पुन्हा वाचा.

मी सकाळपासून फोन करायलोय, दादा उचलंनाच. 'आय हॅव बीन कॉलिंग ऑल मॉर्निंग, बट ही इजन्ट पिकिंग अप.'

दुपारी पाऊस कमी झाला होता, रात्री पुन्हा जोर धरला. 'द रेन हॅड स्लोड डाउन इन द आफ्टरनून, बट इट पिक्ट अप अगेन ॲट नाइट.'

बापूंनी विहिरीसाठी बँकेचं कर्ज उचललं. 'टुक अ लोन फॉर द वेल.' 'पिक अप' नाही.

कंपनीची बस तुला कुठून घेते? 'व्हेअर डज द कंपनी बस पिक यू अप?' बरेच जण इथे 'पिक अप यू' म्हणतात, कारण प्रश्न विचारण्याच्या नादात जागेचं भान सुटतं. हे वाक्य 'यू'च्या जागी 'हर', 'देम', 'अस' घालून म्हणा, अडखळायचं थांबेपर्यंत.